गाडीने नेपाळ-भूतानला निघालात? फक्त आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका

समजा, नाशिकचं एक कुटुंब गाडीने नेपाळला निघालंय. सत्तरीची आजी, आई-बाबा, अकरावीतली १६ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. आजीला पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचंय, मुलांना डोंगर बघायचेत. सात सीटची गाडी काकांकडून मागून आणली आहे. इंदूर किंवा जबलपूरच्या बाजूने उत्तर प्रदेशात शिरायचं, गोरखपूर गाठायचं आणि तिथून सोनौलीची सीमा. सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास.

डिकीत चिवडा-लाडवांचे डबे, औषधांची पिशवी, चार्जर, सगळं जागच्या जागी. कागदपत्रांचं काय, असं विचारल्यावर घरात एकच उत्तर मिळतं: "आधार आहे ना सगळ्यांकडे!"

आणि इथेच चूक होते. या पाच जणांपैकी नेपाळसाठी आधार कार्ड फक्त दोघांचं ग्राह्य आहे. हेच कुटुंब भूतानला निघालं असतं, तर एकाचंही आधार पुरलं नसतं.

असं का? आणि मग गाडीत नेमकी कोणती कागदपत्रं असायला हवीत?

सीमेवर नेमकं काय तपासतात?

देशात फिरताना ओळखपत्र मागितलं जातं ते बहुतेक वेळा एवढ्यासाठीच, की तुम्ही सांगताय ते नाव तुमचंच आहे ना. हॉटेल, रेल्वे, विमानतळ, सगळीकडे हाच प्रश्न असतो. त्यासाठी आधार, पॅन, लायसन्स यांपैकी काहीही चालतं.

गाडीने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडताना मात्र तीन वेगवेगळे प्रश्न असतात:

- तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात?
- ही गाडी चालवायचा परवाना तुमच्याकडे आहे का?
- ही गाडी कोणाची आहे, आणि ती परत जाणार आहे ना?

या तिन्ही प्रश्नांना वेगवेगळी कागदपत्रं लागतात. पहिल्या प्रश्नाला लायसन्स हे उत्तर होत नाही आणि तिसऱ्या प्रश्नाला पासपोर्ट.

मग आधार का चालत नाही?

कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायदा २०१६ च्या कलम ९ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. आधार मिळतं ते भारतात राहणाऱ्या व्यक्तीला. परदेशी नागरिकही ठरावीक काळ भारतात राहिला असेल, तर त्याला आधार क्रमांक मिळू शकतो. पॅन कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्सचंही तसंच. ही कार्डं परदेशी व्यक्तीकडेही असू शकतात.

मतदार ओळखपत्राचं तसं नाही. राज्यघटनेच्या कलम ३२६ नुसार मतदार यादीत नाव येऊ शकतं ते फक्त भारतीय नागरिकाचं. म्हणून ज्या कार्डाकडे आपण पाच वर्षांतून एकदा बघतो, ते कार्ड नेपाळ-भूतानच्या सीमेवर पासपोर्टच्या बरोबरीला बसतं.

थोडक्यात, तिथे तुमच्या नावाइतकंच नागरिकत्व महत्त्वाचं असतं.

पण नेपाळची सीमा तर खुली आहे ना?

हो. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री कराराच्या आधाराने दोन्ही देशांचे नागरिक व्हिसाशिवाय ये-जा करतात. १,७५१ किलोमीटरच्या या सीमेवर सोनौली, रक्सौल, जोगबनी, रुपईडीहा, बनबसा, पानीटंकी अशा अनेक ठिकाणांहून रोज हजारो लोक पलीकडे जातात. कुणी बाजाराला, कुणी पाहुण्यांकडे.

त्यामुळे अनेकदा पायी जाणाऱ्याला कुणी काही विचारतही नाही. "आम्ही गेलो तेव्हा कार्डसुद्धा दाखवावं लागलं नाही," असं सांगणारे रील्स आणि कमेंट्स याच अनुभवातून येतात. ते खोटं बोलत नसतात. पण त्यांना कुणी विचारलं नाही, याचा अर्थ नियम नाही असा होत नाही.

व्हिसा लागत नाही, पासपोर्ट सक्तीचा नाही. पण आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवणारं कागदपत्र जवळ असणं अपेक्षित आहे. भारताच्या बाजूने या सीमेवर सशस्त्र सीमा बल म्हणजे एसएसबी तैनात असतं. परिस्थिती बदलली की एका रात्रीत तपासणी कडक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार कोसळलं. काठमांडूचं विमानतळ काही काळ बंद राहिलं आणि सीमेवरचा बंदोबस्त वाढला. अशा वेळी "मागच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं" हे उत्तर उपयोगाचं नसतं.

नेपाळसाठी कोणाला काय लागतं?

भारत सरकारच्या नियमांनुसार वयाप्रमाणे चित्र असं आहे:

- प्रौढ व्यक्ती, वय ६५ पर्यंत: वैध पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, किंवा भारत सरकारने दिलेलं फोटो असलेलं ओळखपत्र.
- ६५ पेक्षा जास्त वय: वरची कागदपत्रं तर चालतातच, पण वय आणि ओळख सांगणारं फोटो ओळखपत्रही चालतं. जानेवारी २०१९ पासून या यादीत आधारचाही समावेश झाला.
- १५ पेक्षा कमी वय: ज्येष्ठांसारखीच सवलत, म्हणजे आधार चालतं.
- १५ ते १८ वर्षं: पासपोर्ट, नाहीतर शाळा किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र.

आता नाशिकच्या त्या गाडीत पुन्हा डोकावून बघा. आजीचं आधार चालेल, ९ वर्षांच्या मुलाचं चालेल. आई-बाबांना मतदार कार्ड किंवा पासपोर्ट लागेल.

सगळ्यात जास्त अडचण मुलीची आहे. ती १६ वर्षांची, म्हणजे मतदार कार्ड मिळायला लहान आणि आधारची सवलत मिळायला मोठी. पासपोर्ट नसेल तर तिला कॉलेजमधून प्रमाणपत्र आणावं लागेल. आणि सहल निघते नेमकी मे महिन्यात किंवा दिवाळीत, जेव्हा कॉलेजचं ऑफिस बंद असतं. त्यामुळे घरात १५ ते १८ वयाचं कुणी असेल, तर तयारीची सुरुवात त्या कागदापासून करा.

नियमांत कुटुंबासाठी एक सवलत आहे. पती-पत्नी, अल्पवयीन मुलं आणि आई-वडील एकत्र प्रवास करत असतील आणि त्यांपैकी एका प्रौढ व्यक्तीकडे मान्य कागदपत्र असेल, तर बाकीच्यांना फोटो ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा दाखवता येतो. लायसन्स, रेशन कार्ड, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. पण ही सवलत अडीनडीसाठी समजा. कारण कुटुंबातला एखादा सदस्य काही कारणाने वेगळा परतणार असेल, तर ती सवलत त्याच्यासोबत जात नाही.

भूतानचं गणित वेगळं

नेपाळचा अनुभव घेऊन जे भूतानला जातात, त्यांची इथे फसगत होते. दोन्ही देशांना व्हिसा लागत नाही, म्हणून नियमही सारखेच असतील असं वाटतं. तसं नाही.

भूतानमध्ये फुंटशोलिंगच्या पुढे थिम्पू, पारोकडे जायचं तर भारतीयांना प्रवेश परवाना म्हणजे एन्ट्री परमिट घ्यावं लागतं. त्यासाठी दोनच कागदपत्रं चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्म दाखला, आणि सोबत पालक. आधार कार्डावर परमिट मिळत नाही.

मग २०१९ च्या त्या सवलतीचं काय? ती भारताची सवलत आहे. ६५ वर्षांवरच्या आजीला आधारवर भारतातून बाहेर पडू द्यायचं की नाही, हे भारत ठरवतो. तिला आत घ्यायचं की नाही, हे भूतान ठरवतं. सीमेला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंचे नियम पाळावे लागतात, हे आपण विसरतो.

मराठी कुटुंबांसाठी इथे आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतीचे जुने जन्म दाखले अनेकदा फक्त मराठीत आणि हाताने लिहिलेले असतात. नेपाळमध्ये देवनागरी वाचली जाते, त्यामुळे तिथला कर्मचारी निदान नाव तरी वाचू शकतो. भूतानमध्ये तसं गृहीत धरू नका. इंग्रजी मजकूर असलेला दाखला आधीच काढून घ्या.

खर्चाचा हिशोबही करून ठेवा. सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकांना दर माणशी, दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहान मुलांना माफ. मुलाचं वय सिद्ध करणारा कागद इथेही कामाला येतो. गाडी पुढे न्यायची तर तिच्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळं शुल्क आहे.

आणि हो, भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. कार्यालय बंद व्हायला तासभर आहे असं समजून जयगावला चहा घेत बसलात, तर प्रत्यक्षात हातात अर्धाच तास उरलेला असतो.

गाडीत ओसीआय कार्डवाला पाहुणा असेल तर?

अमेरिकेतला मावसभाऊ सुट्टीत आलाय, तोही सोबत निघाला. आडनाव तुमचंच, मराठी तुमच्याहून शुद्ध, खिशात ओसीआय कार्ड. तरीही सीमेवर तो परदेशी नागरिक आहे.

ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे भारतीयांना मिळणारी व्हिसामुक्त सवलत त्याला लागू होत नाही. त्याला त्याचा अमेरिकी पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि नेपाळ किंवा भूतानचा व्हिसा लागेल. शिवाय परदेशी नागरिकांना इमिग्रेशन कार्यालय असलेल्या अधिकृत नाक्यावरूनच जावं लागतं आणि दोन्ही बाजूंचे शिक्के घ्यावे लागतात. भूतानमध्ये त्याचं शुल्कही वेगळं आहे: दर रात्री १०० अमेरिकी डॉलर.

आता गाडीचे कागद

माणसांचे कागद झाले. आता उरलेले दोन प्रश्न.

चालवणाऱ्याचं भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स नेपाळ आणि भूतान दोन्हीकडे चालतं. गाडी आलटून पालटून चालवणार असाल, तर प्रत्येक चालकाचं मूळ लायसन्स सोबत हवं.

नेपाळमध्ये शिरताना गाडीची नोंद सीमाशुल्क कार्यालयात करावी लागते. तिथे त्याला 'भन्सार' म्हणतात. जितके दिवस गाडी नेपाळमध्ये राहणार, तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यायची. ती पावती परत येईपर्यंत सांभाळायची, कारण वाटेत पोलीस तीच मागतात. भारतीय क्रमांकाची खासगी गाडी नेपाळमध्ये वर्षभरात एकूण ३० दिवसच ठेवता येते. पावतीवरच्या तारखेनंतर गाडी तिथेच राहिली तर दंड बसतो. मुक्काम लांबणार असं वाटलं, तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या.

गाडीत असायला हवेत ते कागद:

- आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मूळ
- विम्याची चालू पॉलिसी
- चालू पीयूसी
- चालकाचं मूळ लायसन्स

आणि गाडी स्वतःच्या नावावर नसेल तर? नाशिकच्या कुटुंबाची गाडी काकांची आहे. सीमाशुल्क कार्यालयाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा मुद्दा असतो, कारण गाडी चोरीची तर नाही ना, ती पलीकडे विकली तर जाणार नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. त्यामुळे काकांकडून लेखी संमतीपत्र घ्या. त्यात गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, कोणत्या देशात आणि कोणत्या तारखांना गाडी जाणार हे लिहा. सोबत काकांच्या ओळखपत्राची प्रत जोडा. कंपनीची गाडी असेल तर हेच पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची गाडी असेल, तर ती देशाबाहेर न्यायला परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारा.

विम्याचं एक कलम फारसं कुणी वाचत नाही. नेहमीची मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून 'जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन' घ्यावं लागतं. ते नसेल तर सीमेपलीकडे झालेल्या अपघाताचा खर्च खिशातून जाऊ शकतो. निघण्याआधी विमा कंपनीला एक ईमेल टाकून हे जोडून घ्या.

मोबाइलमधली कागदपत्रं चालतील का?

२०१८ पासून भारतात डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. त्यामुळे अनेकांनी मूळ कार्डं घरच्या कपाटात ठेवून दिली आहेत.

पण हा भारताचा नियम आहे. नेपाळच्या किंवा भूतानच्या पोलिसावर तो बंधनकारक नाही. शिवाय सीमा ओलांडली की भारतीय सिमचं नेटवर्क जातं, रोमिंग नसेल तर अ‍ॅपही उघडत नाही. तेव्हा मूळ कार्डं शोधून सोबत घ्या. ई-मतदार कार्डाची पीडीएफ मोबाइलमध्ये असली तरी हातात मूळ कार्ड असू द्या. मोबाइलमधली प्रत राखीव म्हणून ठेवा.

नावातला फरक

हा आपल्याकडचा खास प्रश्न. मतदार कार्डावर आधी आडनाव, पासपोर्टवर आडनाव शेवटी. आईचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं, रेशन कार्ड सासरच्या नावाचं. मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव तिसरंच.

नावांचा क्रम बदलला तर सहसा अडत नाही. पण आडनावच वेगळं असेल आणि कुटुंब म्हणून प्रवास करत असाल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवा. मूल फक्त आईसोबत, वडिलांसोबत किंवा मामा-आत्यासोबत जात असेल, तर सोबत नसलेल्या पालकांचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांचा फोन नंबर जवळ असू द्या.

नेपाळ-भूतानच्या पुढे जायचं असेल तर?

मग सवलती संपतात. बांगलादेश, म्यानमार किंवा त्यापुढे गाडीने जायचं, तर पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचा. लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागू शकतं. ते आपल्याच आरटीओकडून मिळतं, शुल्क १,००० रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ते मूळ लायसन्सचं भाषांतर असतं, त्याऐवजी नव्हे. त्यामुळे दोन्ही सोबत ठेवावी लागतात.

अनेक देशांत गाडीसाठी 'कार्ने' लागतं. हा एक प्रकारे गाडीचाच पासपोर्ट. गाडी ठरलेल्या मुदतीत परत नेली जाईल याची ती आर्थिक हमी असते. नेपाळ-भूतानसाठी त्याची गरज पडत नाही.

कागदपत्रं हरवली किंवा अचानक परतावं लागलं तर?

सीमा ओलांडून आत शिरलो की ओळखपत्राचं काम संपलं, असं नाही.

घरून फोन आला आणि काठमांडूहून विमानाने परतावं लागलं, तर विमानतळावर पासपोर्ट किंवा मतदार कार्डच विचारलं जातं. गाडीने येताना चाललेला सैलपणा तिथे नसतो. कागदपत्रं हरवली, तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवायची आणि मग काठमांडूतल्या भारतीय दूतावासात जायचं. दूतावास भारतात परतण्यापुरतं एकदाच वापरता येणारं आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. पण तुम्ही भारतीय आहात हे तिथेही सिद्ध करावं लागतं. म्हणूनच प्रती महत्त्वाच्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि त्यात जळगाव जिल्ह्यातल्या २० हून अधिक जणांचा जीव गेला. परदेशात असं काही घडतं, तेव्हा जखमींना दाखल करणं, घरच्यांपर्यंत पोहोचणं, आपल्या माणसाला घरी आणणं, या प्रत्येक टप्प्यावर ओळख पटवावी लागते. सोबत कोण कोण आहे आणि कोणाचा कोणता कागद आहे, याची एक प्रत घरी ठेवून जाणं हे म्हणूनच सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

निघण्याआधी हे करा

- प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय आणि कागदपत्र यांची यादी करा. १५ ते १८ वयोगटाकडे आधी बघा.
- प्रत्येक प्रौढाचं मूळ मतदार कार्ड किंवा पासपोर्ट शोधून ठेवा. पासपोर्टची मुदत तपासा.
- मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळ्या बॅगेत, पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत.
- सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ऑफलाइन आणि एक संच घरच्या माणसाकडे.
- गाडी दुसऱ्याची असेल तर संमतीपत्र, आणि विम्याची वाढीव हद्द.
- शुल्क आणि नियम बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात दूतावास आणि त्या देशाच्या इमिग्रेशनचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बघा.

नाशिकच्या त्या कुटुंबासाठी याचा अर्थ एवढाच: आई-बाबांनी मतदार कार्डं शोधायची, मुलीने कॉलेजमध्ये एक अर्ज द्यायचा, काकांनी एका पत्रावर सही करायची आणि विमा कंपनीला एक ईमेल टाकायचा. दोन-चार दिवसांचं काम. ते घरी उरकलं नाही, तर दीड हजार किलोमीटर पार करून सोनौलीच्या नाक्यावर, रांगेत मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना करावं लागेल. आणि कॉलेजच्या प्राचार्यांची सही तिथे मिळत नाही.